टॉवेलच्या वहीचं मागचं पान

पुढच्या पानांवर डझनांचा हिशेब,
मागच्या पानावर गाडी.
सोमवार, वीज नाही, बारा लूम गप्प,
आणि मी पेन्सिलला टोक काढून
सगळ्यात वर लिहिलं : टर्बो.
दोन रेघा खाली.

एक टर्बो म्हणजे नऊ हजार टॉवेल,
तीस बाय साठ, गुलाबी काठाचे.
नऊ हजारांकडे बघत राहिले.
ते हलले नाहीत.

दस्तगीरभाई कंप्रेसरचा पट्टा बदलायला आला होता.
समोर उभा राहून त्यानं वही उलटीच वाचली.
"कोइमतूरला तिसऱ्या फेरीत काय झालतं?"

झालं होतं असं, की
सरळ पट्टीच्या शेवटी मी ब्रेकवर पाय दिला
आणि पाय गेला, जातच राहिला,
खळीच्या पिंपात हात जावा तसा.
फ्लुइड उकळलं होतं.
खडीत रुतून थांबले, तेव्हा हेल्मेटच्या आत
कुणीतरी मोठमोठ्यानं श्वास घेत होतं.
बऱ्याच वेळानं कळलं, मीच.

"थांबायला येईना, आन पळायचं लिव्हायलीस."
टर्बोवर त्यानं काट मारली नाही,
नुसतं बोट ठेवलं,
ग्रीसचं.

मग खालून सुरुवात.
ब्रेक पॅड, फ्लुइड, जाळीच्या नळ्या : सातशे टॉवेल.
रेडिएटर मोठा, कारण इथं एप्रिलात
अक्कलकोट रोडच्या सिग्नललाच काटा चढतो,
ट्रॅकचं नंतर बघू.
ऑइल कूलर.
टायरवरून आम्ही भांडलो.
मी म्हणाले नवे, तो म्हणाला वापरलेले,
पुण्याचा एक पोरगा दर सीझनला टाकतो,
अर्धी नक्षी शिल्लक असते.
चहा आला, थंड झाला, भांडण तसंच.
(वापरलेलेच घेतले.)

सस्पेन्शन पुढच्या वर्षी, ऑर्डर मिळाली तर.
हे लिहिताना पेन्सिल तुटली,
त्याचा काही अर्थ नाही.

शेवटी वजन.
वजन उतरवायला पैसे लागत नाहीत.
स्टेपनी तेरा किलो. कार्पेट साडेचार.
स्पीकर, त्यांच्या वायरी, मागची फळी.
डावी सीट सतरा.
इथं मी वही मिटली.

डाव्या सीटवर नायना बसतात.
मिलमध्ये जॉबर होते, बत्तीस वर्षं,
कान तिथंच ठेवून आले.
रविवारी पहाटे होटगी रोडला गाडी काढली
की डॅशबोर्डवर तळहात टेकतात
आणि बोटांनी सांगतात :
तीन नंबर.
तिसरा सिलिंडर चुकतोय.
दस्तगीरभाईचं मशीन हेच सांगतं,
पण अर्ध्या तासानं, आणि चारशे रुपये घेऊन.

रात्री वही माडीवर विसरले.
सकाळी सीटच्या ओळीपुढं
त्यांचं गोल, तेलुगू वळणाचं मराठी :
"सीट १७, मी ५८.
ट्रॅकवर मला घेत नाहीत.
१७ फुकट कशाला फिरवतीस?
चार बोल्ट. चौदाचा पाना."

चार बोल्ट.
तिसरा गंजलेला होता, दुपार खाल्ली त्यानं.

आता ती सीट कारखान्यात आहे,
सहा नंबरच्या लूमशेजारी, दोन विटांवर.
नायना तिच्यावर बसून शेंगा सोलतात.
काल वीज आली तेव्हा त्यांनी
टरफलं झटकली, लूमवर तळहात ठेवला,
डोळे मिटले,
आणि मला बोट वर करून दाखवलं :
बेअरिंग.

बेअरिंग म्हणजे एकशेदहा टॉवेल.
ते पुढच्या पानावर लिहिलं.

मागच्या पानावर टर्बो अजून वरच आहे,
ग्रीसच्या ठशाखाली,
उजेडाकडे धरलं तर
वाचता येतो.